हळदीखालचं साल

भामरागडच्या बाजारात जुनी गाडी विकायला काढलेला माणूस खुशाल चुनारकरच्या गॅरेजवरून जाताना जरा वेग वाढवूनच जातो. मालक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगत असतो, "चौदाचं मॉडेल आहे, एक हात चाललेली." आणि खुशाल बाकावरून न उठता म्हणतो, "चौदाचा आरसा असन. गाडी अकराची आहे." मग वाकून चेसिस नंबर पाहावा तर गाडी अकराचीच निघते, आणि ठरत आलेला सौदा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एकदोघांनी यावरून त्याच्याशी अबोला धरला होता. तो टिकला नाही, कारण पंक्चर काढायला शेवटी त्याच्याकडेच यावं लागतं.

खुशाल मूळचा राजुऱ्याचा. नववीत शाळा आणि तो दोघंही एकमेकांना कंटाळले, तेव्हा बापाने त्याला कोळसा खाणीच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात नेऊन बसवलं. तिथला उस्ताद जुन्या गाड्यांचा धंदाही करी. त्याने खुशालला पाना धरायला शिकवण्याआधी नंबर वाचायला शिकवलं. हँडलखाली गाडीच्या मानेवर ठोकलेला तो नंबर म्हणजे गाडीची जन्मपत्रिका. या कंपनीच्या त्या काळच्या गाडीत पहिले दोन आकडे सालाचे, पुढचं इंग्रजी अक्षर महिन्याचं. एकच्या आकड्यासारखं दिसतं म्हणून 'आय' अक्षर गाळलेलं, ते मोजायचं नाही, नाहीतर महिना चुकतो. "मालकाच्या तोंडाचं आयकू नोको, नंबराचं आयक," हे उस्तादाचं एकच सांगणं खुशालने आयुष्यभर धरून ठेवलं.

पुढे रस्त्याच्या कंत्राटदाराच्या मशिनी दुरुस्त करायला म्हणून तो भामरागडला आला. रस्ता काही त्या वर्षी पुरा झाला नाही, पण खुशाल मात्र इथेच राहून गेला. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की बाहेरून ना पार्ट येत ना मिस्त्री. मग एकाचा क्लच दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा दिवा तिसऱ्याला लावून तो गावोगावच्या गाड्या चालत्या ठेवायचा. त्याची बायको संघप्रिया म्हणते, "दुनियेतल्या गाड्यायचे सालं पाठ हायेत. लग्नाचं साल इचारलं का मंग वर छताकडे पाह्यतेत."

यंदाच्या जानेवारीत, बाजाराच्या दिवशी सकाळी, लालसू पुंगाटी आपली काळी गाडी ढकलत नव्हे तर चालवत त्याच्याकडे आला. मागे त्याची मुलगी रंजीता. लालसू नदीपलीकडच्या गावचा, खुशालचं जुनं गिऱ्हाईक. कमी बोलणारा. दरवर्षी उन्हाळ्यात मूठभर चारोळी बाकावर ठेवून जायचा आणि कशाबद्दल ते सांगायचा नाही.

"खुशालभाऊ, हे गाडी कोन्या सालची आहे?" लालसूने विचारलं.

खुशालला धक्काच बसला. ही गाडी लालसू विकेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "काऊन? विकाची आहे का?"

"नाई," लालसू म्हणाला. "पोरीचं साल काढाचं आहे."

खुशालने पाना खाली ठेवला. बाकीचं मग रंजीताने सांगितलं. ती आश्रमशाळेत बारावीला. मागे ती पहिलीत गेली तेव्हा गुरुजींनी वय विचारलं, बापाला सांगता आलं नाही. गुरुजींनी रिवाजाप्रमाणे उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगितला. ज्याचा हात कानाला लागला तो सहा वर्षांचा. रंजीताचा हात बोटभर कमी पडला. म्हणून तिला पाच वर्षांची धरून दाखल्यावर एक जून दोन हजार नऊ अशी तारीख पडली. वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनलाच आहे, त्याचं कुणालाच नवल वाटत नाही.

नवल नाही, पण आता नड मोठी होती. उन्हाळ्यात वनरक्षकाची भरती निघणार असं सगळे म्हणत होते, आणि ती चारपाच वर्षांतून एकदा निघते. वय अठरा पूर्ण पाहिजे. दाखल्याप्रमाणे रंजीता साडेसोळाची. जंगलातली प्रत्येक पायवाट जिला पाठ, धावण्यात जी जिल्ह्यात दुसरी आली, तिने घरी बसून पुढच्या भरतीची वाट पाहायची. खरी तारीख दाखवणारा जन्माचा दाखला आणला तर शाळा दुरुस्ती करून देणार होती. मात्र बारावी करून शाळा सोडण्याआधीच. एकदा शाळा सुटली की तारीख बदलत नाही. मुख्याध्यापकांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती.

"जलम तं इथल्याच दवाखान्यातला आहे," लालसू म्हणाला. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. साल तेवढं मालूम नाई."

"कोनतं तरी आठवते काय? पुराचं, दुष्काळाचं?"

"पुराचं साल," लालसू म्हणाला, आणि स्वतःच हसला. "पन पूर कोन्या साली येत नाई इथी?"

दवाखान्यातले जुने जन्माचे गठ्ठे मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेले. तिथला कारकून अश्वजित भला माणूस, पण एक गठ्ठा काढून, झटकून, ओल्याने चिकटलेली पानं सोडवून पाहायला त्याचा अर्धा दिवस जातो. दाखल्यावरचं दोन हजार नऊचं साल त्याने पाहून दिलं होतं, तिथे काही नव्हतं. पुढे तो म्हणाला, पक्कं साल आणा, मी काढून देतो; अंदाजाने दहा वर्षांचे गठ्ठे उघडणं मला जमायचं नाही.

आणि लालसूजवळ पक्कं असं एकच होतं, ते म्हणजे ही गाडी. रंजीता झाली त्या दिवशी ती नवी कोरी होती.

ती हकीकत खुशालने तोवर कधी ऐकली नव्हती. लालसूची बायको कलाबाई सकाळपासून अडली होती. सुईण हात टेकून बसलेली. तेवढ्यात आरोग्य सेवक गुणवंतराव दुर्गे गावात शिरले. आदल्या दिवशी, दसऱ्याला, आलापल्लीहून त्यांनी गाडी उचलली होती. हँडलला झेंडूचा हार, सीटवर प्लास्टिक तसंच. गाडी दाखवायला म्हणून आलेला माणूस. त्यांनी कलाबाईला पाहिलं आणि गाडी तशीच वळवली. तिला मध्ये बसवलं, मागे लालसू. दोन नाल्यांतून गाडी काढली. सीटवरच्या प्लास्टिकवरून कलाबाई घसरायला लागली तेव्हा गाडी थांबवून गुणवंतरावांनी ते नवं प्लास्टिक टराटरा फाडून टाकलं. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात रंजीता झाली.

काही वर्षांनी गुणवंतरावांची बदली झाली. गाडीला चांगली गिऱ्हाइकं आली होती. त्यांनी ती लालसूला दिली, तो जे देऊ शकला तेवढ्यात. पुढे ते निवृत्त झाले, चंद्रपूरला राहिले, आणि तीन वर्षांपूर्वी गेले. विचारायला आता माणूस नव्हता. गाडीचं नोंदणीचं पुस्तक मोठ्या पुरात डिकीतच लगदा झालं होतं. रंजीताने गाडीचा नंबर मोबाइलवर टाकून पाहिला होता. जुन्या कागदी पुस्तकाची गाडी, तिची माहिती काही उघडली नाही.

"यवढंच ना," खुशाल म्हणाला. हे तर त्याचं घरचं काम. त्याने हँडल वळवलं, मानेशी वाकला आणि थांबला.

मानेवर बोटभर जाड पिवळा-काळा थर होता. खुशालने तो सर्व्हिसिंगच्या वेळी शंभरदा पाहिला होता, तेल-मळ समजून सोडून दिला होता. आज लालसूने सांगितलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, हळद आणि तेल चोळतात, वर्षभर ओझं ओढलं म्हणून. त्या दिवशी कलाबाई या गाडीची मान शेकते. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल आणि हळद. गाडी घरी आली त्या वर्षापासून, एकही साल चुकलेलं नाही.

खुशालच्या हातात पॉलिश पेपर होता. दोन मिनिटांचं काम. पण त्याचा हात पुढे होईना. कुणाच्या तरी बायकोने वर्षानुवर्षं वाहिलेली हळद आपण खरवडायची? लालसू दुसरीकडे पाहायला लागला होता, तेवढं खुशालला पुरे झालं. "राहू द्या," तो म्हणाला. "इंजिनवर बी नंबर असते. त्याच्यातूनच साल निघते."

त्याने बोळ्याने इंजिनची कड पुसली. शून्य पाच, पुढे डी. "दोन हजार पाच," खुशालने जाहीर केलं. "एप्रिलची बनलेली. दसऱ्याले घेतली." एप्रिलची गाडी दसऱ्यापर्यंत शोरूममध्ये कशी पडून राहिली, असा एक बारीक खडा त्याच्या मनात टोचला, पण नंबरापुढे त्याने मनाचं कधी ऐकलं नव्हतं.

"म्हंजे मी वीस वर्साची झाली काय?" रंजीता म्हणाली.

"नंबर तं तेच सांगते, बेटा."

अश्वजितने दोन हजार पाचचा गठ्ठा काढला. दसऱ्याचा महिना पाहिला, त्याच्या मागचा, पुढचा पाहिला. कलाबाई पुंगाटीची नोंद नव्हती. संध्याकाळी बापलेक गॅरेजवरून परत गेले. थांबून सांगितलं, तक्रार केली नाही. लालसू उलट म्हणाला, "तुमचा टाइम खराब केला भाऊ." ते वाक्य खुशालला रात्री जेवताना घासागणिक आठवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुदतीला चार दिवस उरले होते तेव्हा लालसू पुन्हा आला. या वेळी कलाबाई बरोबर होती. बारीक अंगाची, गळ्यात मण्यांच्या माळा, कामाशिवाय गावातून न हलणारी बाई. ती गॅरेजच्या उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "भाऊ, गाडी चालू करून दाखव."

खुशालने किक मारली. कलाबाईने डोळे मिटले. बराच वेळ तशीच बसली. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पण खुशालने गाडी बंद केली नाही.

"हे ते नाई," ती म्हणाली.

"काय ते नाई, बाई?"

"आवाज. त्या दिवशी माह्या हाती धराले काईच नोयतं. मी त्या आवाजालेच धरून बसली होती. नाल्यात गाडी शिरली तं आवाज दबे, वर निंगाली तं मोकळा होये. मनात म्हनो, हा आवाज चालू आहे तवरिक मी मरत नाई. तो आवाज मले आज बी येते कानात. हे तो नाई. पुरानंतर बदलला तो. मले वाटलं, म्हतारी झाली असन गाडी."

पुरानंतर, हा शब्द खुशालच्या कानात शिरला आणि त्याने वाकून इंजिनकडे पाहिलं. मोठ्या पुराच्या वर्षी बाजारपेठ पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर तीसबत्तीस गाड्या त्याच्या दारात उभ्या, सगळ्यांच्या पोटात गाळ. ज्यांची इंजिनं सुधरली त्यांची सुधरवली. ज्यांची नाही सुधरली, त्यांच्यासाठी तो राजुऱ्याला गेला आणि उस्तादाच्या भंगारातून पाचसात इंजिनं टेम्पोत घालून घेऊन आला. लालसूला तेव्हा त्याने "काम झालं, घेऊन जा" एवढंच सांगितलं होतं. लालसूनेही विचारलं नाही. आणि खुशाल पार विसरून गेला.

सगळ्या तालुक्याला दुसऱ्याच्या गाडीचं खरं-खोटं सांगणारा माणूस आपण स्वतः बसवलेल्या इंजिनला फसला होता. ज्याच्यावर त्याने भरवसा ठेवला तो नंबर राजुऱ्याच्या कुठल्या तरी भंगार गाडीचा होता.

त्याने गाडी बंद केली आणि कलाबाईसमोर जमिनीवरच बसला. "चूक माही आहे, बाई. इंजिन मी बदलवलं होतं. सांगाले पाह्यजे होतं, सांगतलं नाई. आता माह्यामुळं पोरीचे दिवस गेले."

कलाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "तू बदलवलं म्हनून तं गाडी चालून राह्यली," ती म्हणाली. "त्यात रडाचं काय आहे? खरा नंबर कुठी आहे ते सांग."

खुशालने गाडीच्या मानेकडे बोट दाखवलं. लालसू काही म्हणायच्या आत कलाबाई उठली. तिला पॉलिश पेपर नको होता. तिने संघप्रियाकडून वाटीभर तेल कोमट करून मागितलं, जुन्या कापडाचा एक धडका घेतला आणि शेकल्यासारखं तेल मानेवर मुरवत बसली. घाई केली नाही. थर मऊ पडला तसा तिने तो धडक्यात उतरवला आणि धडक्याची घडी करून कमरेला खोचली.

खुशाल टॉर्च घेऊन वाकला. त्या पुरात बुडालेल्या कितीतरी गाड्यांचे नंबर गंजून गेले होते, त्याने ते स्वतः पाहिले होते. इथे तेलाखाली लोखंड काल ठोकल्यासारखं होतं. शून्य सात. पुढे जे.

त्याने बोटांवर मोजलं. 'आय' गाळला. पुन्हा मोजलं. "सप्टेंबर, दोन हजार सात," तो म्हणाला. सप्टेंबरमध्ये कारखान्यातून निघालेली गाडी ऑक्टोबरात, दसऱ्याला, आलापल्लीच्या शोरूममध्ये. मनातला खडा निघाला. रंजीता अठराची झाली होती.

खुशालने भर दिवसा गॅरेजचं शटर ओढलं. बाजारातल्या लोकांनी माना वळवून पाहिलं, कारण असं एरवी फक्त चौदा एप्रिलच्या जयंतीला होतं. तिघं दवाखान्यात गेले. निरोप मिळताच शाळेतून रंजीताही तिथे आली. अश्वजितने खुशालकडे पाहून सुस्कारा सोडला. "आता कोनतं?"

"सात. आणि आता नाई निघालं तं तुह्या गाडीची सर्व्हिसिंग मी फुकट करतो."

"आणि निघालं तं?"

"तरी बी करतो."

गठ्ठा निघाला. अश्वजितने पानं सोडवत सोडवत दसरा गाठला. बावीस ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. मुलगी. आई कलाबाई, बाप लालसू पुंगाटी. बाळाच्या नावाची जागा रिकामी. रंजीताने ती ओळ स्वतः वाचली, मग बापाला वाचून दाखवली, मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. लालसू दोन्ही हात जोडून अश्वजितपुढे उभा राहिला, तेव्हा तो बिचारा ओशाळून खुर्चीतून उठला.

"थांबा," अश्वजित म्हणाला, "इथी माहिती देनाराचं बी नाव आहे." त्याने वाचलं, "गुणवंतराव दुर्गे." आणि सही. सुबक, आरोग्य खात्यातल्या माणसाची. लालसूने सहीवर बोट टेकवलं, पुसली जाईल अशा भीतीने लगेच उचललं. त्यापुढे एक छोटा रकाना होता, माहिती देणाऱ्याचं बाळाशी नातं काय. तिथे त्याच शाईने, त्याच अक्षरात एक शब्द होता. खुशालने वाकून पाहिला. मग कलाबाईकडे वळून, प्रत्येक अक्षर तिला नीट ऐकू जाईल असा वाचला.

"मामा."

कलाबाईला भाऊ नव्हता, हे त्या गावात सगळ्यांना माहीत होतं. तिला लहानपणी दोन झाले होते, दोन्ही गेले. ती काही वेळ रजिस्टरच्या त्या पानाकडे पाहत राहिली. अक्षर तिला वाचता येत नव्हतं. मग तिने पदर तोंडाला लावला आणि माहेरचं माणूस भेटल्यावर रडतात तशी मोकळेपणाने रडली. "अठरा वर्स झाले," ती म्हणाली. "सांगतलं नाई त्यानं. मी त्याच्या गाडीची मान शेकत राह्यली, आन तो माहा भाऊ होता."

दाखला मिळाला. मुदतीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी तारीख दुरुस्तीचे कागद पुढे पाठवले आणि पोच रंजीताच्या हातात दिली. भरतीचा फॉर्म निघेल तेव्हा निघेल. आता तो तिला भरता येणार आहे. खुशालने दोनशे पानी वही आणली. बदललेल्या प्रत्येक इंजिनचा नंबर आता तो त्यात लिहितो, आणि गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवतो, ऐकायला त्याला वेळ असो नसो.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळीच काळी गाडी गॅरेजसमोर उभी राहिली. पुढे लालसू, मध्ये कलाबाई, मागे रंजीता. मानेवर नवी हळद होती, ओली, पिवळीधमक. पोळ्याला अजून सहा महिने होते. हँडलला चारोळीची आणि मोहाच्या फुलांची अशा दोन पिशव्या अडकवलेल्या.

"कुठी निंगाले?" खुशालने विचारलं.

"चांद्याले," कलाबाई म्हणाली. "गुणवंतराव गेले तवा आमाले कोनी सांगतलं नाई. भावाच्या घरी रडाले जाचं राह्यलं आहे. पोरीले तिची मामी बी दाखवाची आहे."

चांदा म्हणजे चंद्रपूर, दोनशे किलोमीटरच्या वरचा रस्ता. खुशालने तिघांना उतरवलं, बाकावर बसवलं, संघप्रियाला चहा टाकायला सांगितला आणि मागच्या चाकाचे ब्रेक-लायनर नवे घातले. चेन ताणली, हवा पाहिली. निघताना लालसूने खिशात हात घातला. खुशालने तो मनगटाशी धरला आणि तसाच परत खिशात घातला.

"बहिणीच्या गाडीचे पैसे घेत नसतेत," तो म्हणाला.